लोकल जिथे थांबते : मुंबईहून एका दिवसाचे रेल्वेप्रवास

(दृश्य : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा फलाट. एका बाजूला उतरणारी गर्दी, दुसऱ्या बाजूला कसाऱ्याला निघालेली, अर्धी रिकामी लोकल.)

सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान मुंबईच्या लोकल गाड्या कल्याण, डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याकडची माणसे दक्षिण टोकाला आणून सोडतात आणि काही मिनिटांनी त्याच गाड्या उलट दिशेने निघतात, तेव्हा त्यांच्यात खिडकीशेजारची जागा सहज मिळते. ज्याला मुंबईत मुक्काम ठेवून एका दिवसात कुठेतरी जाऊन यायचे आहे, त्याची सोय शहराच्या नोकरीच्या वेळापत्रकानेच करून ठेवली आहे. सकाळी गर्दी आत येते तेव्हा आपण बाहेर जायचे आणि संध्याकाळी ती बाहेर पडते तेव्हा आपण आत यायचे. अशा सहलीला रविवारपेक्षा मंगळवार-बुधवार कितीतरी बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे. रजा मिळणे, न मिळणे हा अर्थातच वेगळा प्रश्न.

उपनगरी रेल्वेच्या नकाशावर शहरापासून सर्वांत दूर असलेली स्थानके पाहावीत. ईशान्येला कसारा, आग्नेयेला कर्जत आणि त्यापुढे खोपोली, उत्तरेला डहाणू रोड आणि खाडीपलीकडे उरण. यांपैकी कसारा, कर्जत आणि खोपोली ही तिन्ही सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहेत. हा योगायोग नाही. लोकल जिथे थांबते तिथे बहुधा सपाट कोकण संपलेले असते आणि चढ सुरू होणार असतो. मुंबईकराच्या एका दिवसाच्या सहलीची हद्द दीडशे वर्षांपूर्वी या डोंगरानेच आखून दिलेली आहे.

(दृश्य : ठाण्याची खाडी, पुलावरून जाणारी लोकल.)

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत, सुमारे 34 किलोमीटर, पहिली गाडी धावली. पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोहोचले आणि कल्याणपासून मार्गाला दोन फाटे फुटले. आग्नेयेचा फाटा 1856 मध्ये खोपोलीला पोहोचला, ईशान्येचा 1861 मध्ये कसाऱ्याला, आणि दोन्ही ठिकाणी रूळ घालणाऱ्यांना समोरच्या डोंगराकडे पाहत थांबावे लागले.

आज कर्जतहून एकेरी मार्गाने खोपोलीला जाणारी लोकल एका आडफाट्यावर चालल्यासारखी वाटते, पण एकेकाळी हाच पुण्याचा मुख्य रस्ता होता. 1858 मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी सुरू झाली, तेव्हा मधला घाट रेल्वेविनाच होता. मुंबईहून निघालेला प्रवासी खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर किंवा पायी खंडाळा गाठत असे आणि वर दुसऱ्या गाडीत बसत असे. बोरघाटातील रेल्वे 1863 मध्ये खुली झाली आणि तिने खोपोलीला बाजूला ठेवून कर्जतकडून वर जाणारी वाट धरली. मुख्य मार्गाचे भाग्य कर्जतला मिळाले आणि खोपोली शेवटचे स्थानक होऊन राहिले.

त्या घाटाच्या बांधकामाविषयी थोडे सांगायला हवे. दर 37 फुटांमागे एक फूट इतका तीव्र चढ, 25 बोगदे, खोल दऱ्यांवरचे दगडी पूल, आणि हे सारे काम सुरुंगाची दारू, पहारी व माणसांच्या पाठी एवढ्याच बळावर झालेले. कॉलरा, ताप आणि अपघात यांत हजारो मजूर दगावले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार 1859 मध्ये इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच तापाने मरण पावला. त्यानंतर त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने व्यवस्थापक नेमून कंत्राट पुढे चालू ठेवले. इतका चढ एका दमात चढणे त्या काळच्या इंजिनांना शक्य नव्हते, म्हणून घाटाच्या मध्यावर एक उलटस्थानक ठेवले होते. गाडी तिथे शिरे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि दिशा बदलून गाडी पुढचा डोंगर चढू लागे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस मार्ग बदलला, तेव्हा ते स्थानक बाद झाले.

चढ मात्र तोच राहिला. त्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबवून त्यांना मागून ढकलणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, लावण्याची पद्धत पडली. इंजिने जोडेपर्यंत गाडी फलाटावर उभी राहते आणि तेवढ्या वेळात खिडकीतून बटाटेवडे घेतले जातात. दिवाडकरांच्या वड्याची कीर्ती महाराष्ट्रभर झाली, तिच्यात चवीचा वाटा आहे तसाच या चढाचाही आहे. लोकलने येणाऱ्याला मात्र घाई नसते. त्याने वडा फलाटावरच खावा आणि मग उल्हास नदीच्या काठाने किंवा राजमाचीच्या पायथ्याच्या कोंडाणे लेण्यांकडे निघावे. लेण्यांसाठी आधी रिक्षा आणि नंतर चांगली पायपीट लागते. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरचे कोरीवकाम पाहिल्यावर तिची तक्रार उरत नाही. पावसाळ्यात त्या दर्शनी भागावरून पाण्याची धार पडते.

(दृश्य : नेरळ स्थानक. मोठ्या रुळांशेजारी अरुंद रूळ.)

कर्जतच्या अलीकडे नेरळ आहे. इथे मोठ्या रुळांशेजारी फक्त दोन फूट रुंदीचे रूळ सुरू होतात. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी बांधलेली माथेरानची ही गाडी 1907 मध्ये सुरू झाली. सुमारे वीस-एकवीस किलोमीटरचे अंतर ती इतकी वळणे घेत कापते की एकच दरी कधी डावीकडे, तर कधी उजवीकडे दिसते. 2019 च्या पावसात मार्ग वाहून गेला आणि तो पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडला. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंदच असते. फक्त वरच्या टप्प्यावर, अमन लॉजपासून माथेरानपर्यंत, शटल चालते. एका दिवसात परतायचे असेल तर नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जावे, तिथून शटलने किंवा पायी गावात शिरावे आणि छोट्या गाडीचा पूर्ण प्रवास हिवाळ्यातल्या एखाद्या मोकळ्या दिवसासाठी राखून ठेवावा. दस्तुरीच्या पुढे मोटारींना बंदी असल्यामुळे लाल मातीचे रस्ते आणि पॉइंटांकडे जाणाऱ्या गर्द सावलीच्या वाटा चालण्यासाठीच उरल्या आहेत. सुटीच्या दिवशी मात्र तिथली शांतता मुख्य बाजारपेठेपासून बरेच दूर गेल्याशिवाय सापडत नाही.

कल्याणहून कर्जतच्या वाटेवर अंबरनाथ लागते. रोज हजारो माणसे या स्थानकावर चढतात-उतरतात. स्थानकापासून थोड्याच अंतरावर शिलाहारांच्या काळातले, शिलालेखानुसार शके 982 मधले, म्हणजे इसवी सन 1060 चे शिवमंदिर उभे आहे. गाभारा सभामंडपाच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून जावे लागते आणि बाहेरच्या भिंतीवर मूर्तींनी जागा सोडलेली नाही. कर्जतला जाता-येता दोन तास इथे काढता येतात.

कसाऱ्याचा फाटा स्वभावाने वेगळा आहे. टिटवाळा मागे पडले की डब्यातले नोकरदार कमी होतात. आसनगावला माहुली किल्ल्याचे सुळके दिसू लागतात आणि खर्डीच्या पुढे दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. कसाऱ्यालाही लोकल थांबते ती थळघाटामुळेच. इथला चढही 37 ला एक आहे आणि इगतपुरीपर्यंतचा घाटमार्ग 1865 मध्ये पूर्ण झाला. सुमारे 121 किलोमीटरच्या या प्रवासाला अडीच तासांच्या आसपास वेळ लागतो. एप्रिल-मे महिन्यांत परिसरातल्या आदिवासी पाड्यांवरच्या बायका करवंदे-जांभळे आणि पावसाच्या सुरुवातीला रानभाज्या घेऊन लोकलमध्ये चढतात. त्यांच्यासाठी ही सहल नाही, हे सहलीला निघालेल्याने भाव करताना लक्षात ठेवलेले बरे.

(दृश्य : पश्चिम रेल्वे. वसईची खाडी, मिठागरे.)

आता पश्चिम रेल्वे. इथे डोंगर नाही, खाड्या आहेत. वसईला उतरून बसने किंवा रिक्षाने किल्ल्यात जाता येते. दोनशे वर्षे पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेला हा किल्ला चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये जिंकला, आणि त्यानंतर 63 वर्षांनी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून पेशवाईच्या शेवटाला हातभार लावला. तटाच्या आत चर्चच्या छप्परहीन भिंती, त्यांवर चढलेले वड-पिंपळ आणि मधूनच एखादे नांदते मंदिर, असा हा विस्तार आहे. बंदर दरवाजातून बाहेर पडले की किल्लाबंदरची कोळी वस्ती लागते, तिथे दोऱ्यांवर बोंबील वाळत असतात. वसईच्या वाड्यांमध्ये पिकणाऱ्या राजेळी केळ्यांची सुकेळी बाजारात मिळाली तर घ्यावी. ती करणारी घरे आता थोडीच उरली आहेत.

त्यापुढचे नालासोपारा गर्दीसाठी प्रसिद्ध आहे. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये येथील स्तूप उकरला, तेव्हा त्यातून अवशेषांचा करंडक आणि बुद्धमूर्ती मिळाल्या. त्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अशोकाच्या आदेशलेखांचे तुकडेही याच परिसरात सापडले. स्तूपाचा आजचा उंचवटा पाहायला अर्धा तास पुरतो आणि बहुतेक प्रवासी त्यासाठी उतरत नाहीत. आम्ही मात्र उतरा असे सांगू.

विरारनंतर लोकलची संख्या एकदम घटते. एप्रिल 2013 मध्ये उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत वाढवली गेली, पण विरारपुढे दोनच रूळ आणि त्यांवरूनच गुजरातकडच्या एक्स्प्रेस व मालगाड्या जात असल्यामुळे लोकलच्या वाट्याला मोजक्याच वेळा आल्या. चौपदरीकरणाचे काम हाती घेतले आहे ते यासाठीच. वैतरणा स्थानक सोडल्यावर गाडी खाडीवरच्या दोन लांब पुलांवर येते, आणि त्या दोन पुलांच्या मधोमध वाढीव हे बेटावरचे गाव आहे. पूल ओलांडताना दोन्ही बाजूंना खारफुटी, रेतीच्या होड्या आणि भरती-ओहोटीप्रमाणे रंग बदलणारे पाणी दिसते; या संपूर्ण मार्गावर खिडकी हवी ती याच पाच मिनिटांसाठी. केळवे रोडला उतरून शेअर रिक्षाने समुद्रकाठी जाता येते. सुरूची रांग, शितलादेवीचे देऊळ आणि पानवेलींच्या वाड्या हे सगळे चालण्याच्या टप्प्यात आहे.

डहाणू हे टोक चर्चगेटपासून जवळजवळ 124 किलोमीटरवर आहे आणि प्रवास अडीच-तीन तासांचा. हा तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, त्यामुळे मुंबईच्या इतक्या जवळ असूनही चिकूच्या वाड्या टिकून राहिल्या. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वारली चित्रे भिंतीवरून कागदावर नेऊन जगापुढे मांडणारे, पद्मश्री जिव्या सोमा मशे याच तालुक्यातल्या गंजाडचे. डहाणूहून बोर्डीपर्यंत रिक्षाने किनाऱ्या-किनाऱ्याने जावे. मात्र परतीच्या लोकलची वेळ उतरल्याबरोबर फलाटावरच पाहून घ्यावी. इथे एक गाडी चुकली तर पुढची मिळेपर्यंत सहलीतला उत्साह ओसरलेला असतो.

वेळापत्रकाविषयी आणखी थोडे. रविवारी रुळांच्या आणि वायरींच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक घेतला जातो आणि कोणत्या मार्गावर किती वेळ, हे एक-दोन दिवस आधी जाहीर होते. रविवारीच जायचे असेल तर ती सूचना वाचूनच बेत ठरवावा. पावसाळ्यातल्या सुटीच्या दिवशी कर्जतच्या फाट्यावर धबधब्यांकडे निघालेल्यांची इतकी दाटी होते की वर सांगितलेला उलट्या दिशेचा नियम त्या दिवसापुरता चालत नाही. अपघातांमुळे प्रशासन अनेक धबधब्यांवर बंदीही घालते आणि ती पाळावी. लोकलचे भाडे अजूनही इतके कमी आहे की खर्चाचा अंदाज बांधताना स्थानकापलीकडच्या रिक्षाचा हिशेब आधी धरावा लागतो.

(दृश्य : भाऊचा धक्का. मोरा बंदराकडे निघालेली लाँच.)

राहिले उरण. तिथपर्यंतची लोकल जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली. त्याआधी नवी मुंबईहून गाडी खारकोपरपर्यंतच जात असे. नेरूळ किंवा बेलापूरला गाडी बदलून उरणला जाता येते आणि पीरवाडीचा किनारा, जुनी पेठ, तसेच थोडे आत गेल्यास 1930 च्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला ते चिरनेर गाव, एवढे एका दिवसात सावकाश पाहून होते. पण उरणला जुनी वाटही आहे. भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदरापर्यंत लाँच जाते आणि त्यामुळे जाताना समुद्र, येताना रेल्वे असा फेरा पूर्ण करता येतो, जो मुंबईच्या इतर कोणत्याही टोकाला शक्य नाही. क्रम मात्र हाच ठेवावा. मोऱ्याच्या धक्क्याशी गाळ साचत असल्यामुळे मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच बंद ठेवावी लागते. सकाळी भाऊच्या धक्क्यावर तसे कळले तर लोकल आहेच, संध्याकाळी मोऱ्याला कळले तर पुन्हा उरण स्थानक गाठावे लागते.