दारातली गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

परवा माझा पुतण्या मोंढ्यावर सोयाबीन घालून थेट माझ्याकडेच आला. खिशातून शोरूमचा कागद काढला, चार घड्या घातलेला. म्हणाला, "काका, दहा हजार भरायचे आन् गाडी घरी आणायची. बाकीचं हप्त्यानं." 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकी गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, किमती उतरल्या, तेव्हापासून हा कागद आपल्या परभणी, हिंगोली, बीड, जालन्याकडं घरोघर फिरतोय. मी त्याला हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. ओट्यावर बसवून घेतलं. त्या संध्याकाळी आम्ही जे बोललो तेच आज तुमच्याशी बोलतो.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. मानवत तालुक्यात शाळा होती, फाट्यापासून सहा किलोमीटर आत. सकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि पुढं पायी. गाडी चुकली की दिवस गेला. 1994 साली मी जुनी सीडी हंड्रेड मोटारसायकल घेतली आणि पहिल्याच महिन्यात कळलं, आपण नुसती गाडी घेतली नाही, सकाळ-संध्याकाळ विकत घेतली. शाळा सुटल्यावर पोरांना तासभर जास्तीचं गणित शिकवता येऊ लागलं, कारण साडेपाचच्या एसटीची धास्ती राहिली नाही.

त्याच वर्षी आईला औंढ्याला नेलं. नागनाथाला ती यापूर्वी दोनदाच गेली होती, दोन्ही वेळा शिवरात्रीच्या गर्दीत, मुक्कामाला. या वेळी आम्ही सकाळी निघालो. पदर कमरेला खोचून ती एका अंगावर बसली, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात नारळाची पिशवी. सोमवार नव्हता, यात्रा नव्हती, गाभाऱ्यात पायऱ्या उतरून सावकाश दर्शन झालं. म्हशीची धार काढायच्या वेळेला आम्ही घरी. आई कितीतरी दिवस सगळ्यांना तेच सांगायची, "धारेच्या वक्ताला घरी!" देवदर्शनापेक्षा तिला त्याचंच नवल जास्त होतं.

सुख एवढंच नाही. शेजारच्या शेतात कापूस वेचताना एका बाईला साप चावला. रुग्णवाहिका यायला वेळ होता. पुढं मी, मागं तिचा नवरा, मध्ये ती, असे आम्ही ग्रामीण रुग्णालय गाठलं. तिघांनी बसणं नियमात बसत नाही, मला माहीत आहे. तिला लस वेळेवर मिळाली, ती वाचली. वाडी-तांड्यावर राहणाऱ्या माणसाला गाडी ही चैन आहे असं कुणी म्हणालं की मला ती बाई आठवते. आणि 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आपल्या गावागावांत याच गाड्यांना दोन्हीकडून निळे कॅन बांधून पोरांनी विहिरी धुंडाळल्या, हेही आपण पाहिलंय.

आता खर्चाकडं येतो. आपल्याकडच्या गाडीचा एक खर्च कुठल्याच कागदावर नसतो, तो म्हणजे आपली काळी माती. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की फाट्यापासून आतला रस्ता भिजलेल्या पिठासारखा होतो. पन्नास पावलं गेलं की पुढच्या मडगार्डात माती भरते. ती नुसती लागत नाही, टायर आणि पत्रा यांच्यामध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. इंजिन चालू, मागचं चाक ढकलतंय आणि पुढचं चाक नांगरासारखं घासत चाललंय. तिथं जोर लावला की गाडी आडवी. उतरायचं, बांधावरची वाळकी पऱ्हाटी मोडायची आणि मडगार्डातून चिखल उकरून काढायचा. पऱ्हाटी मोडते, माती निघत नाही. म्हणून मी पिशवीत कायम खुरपं ठेवायचो. काही जण पावसाळ्यापुरतं पुढचं मडगार्डच काढून ठेवतात. मग चिखल तोंडावर उडतो, पण चाक तरी फिरतं. घरी आल्यावर तो चिखल ओला असतानाच धुवायला हवा. वाळला की तो चेनमध्ये बसतो, कड्या झिजवतो आणि चेनसेट वेळेआधी बदलावा लागतो. मिस्त्री सांगायचे, "गुरुजी, चेन रस्त्यानं नाही झिजत, आळसानं झिजते."

पेट्रोलचं तुम्हाला काय सांगू. आपल्या परभणीचं पेट्रोल तर महागाईपायी देशभराच्या बातम्यांत येऊन गेलंय. टँकर मनमाडकडून येतो, सुमारे तीनशे किलोमीटर, ते भाडंही आपल्याच टाकीत पडतं. रोजचं येणं-जाणं चाळीस किलोमीटर धरलं, महिन्याचे पंचवीस दिवस, तर हजार किलोमीटर झाले. लिटरला साठ पडले तरी सतरा लिटर लागतं. महिन्याला 1,800 रुपये नुसते पेट्रोलला. पुतण्याच्या कागदावर ही ओळच नव्हती.

त्या कागदावर दुसरीही एक गोष्ट नव्हती, आणि तीच मला जास्त टोचली. व्याज 12 टक्के, असं लिहिलेलं. मी विचारलं, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? त्याला फरक माहीत नव्हता. तुमच्यापैकीही पुष्कळांना नसेल, म्हणून आकडे सांगतो. 80,000 रुपयांचं कर्ज, तीन वर्षं. फ्लॅट 12 टक्के म्हणजे पूर्ण 80,000 वर तिन्ही वर्षं व्याज, एकूण 28,800 रुपये, हप्ता सुमारे 3,022. तुम्ही मुद्दल फेडत आणलं तरी व्याज पहिल्या दिवशीच्याच रकमेवर. तेच 12 टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच लावले, तर हप्ता सुमारे 2,657 आणि एकूण व्याज साधारण 15,650. दर कागदावर सारखाच दिसतो आणि तेरा हजारांचा फरक पडतो! तेरा हजारांत दोन वर्षांची दुरुस्ती निघते.

शिवाय हप्ता महिन्याच्या महिन्याला आणि आपल्या हातात पैसा येतो सुगीला. सोयाबीन दिवाळीच्या आसपास, कापूस संक्रांतीपर्यंत. पुढं एप्रिल, मे, जूनचा हप्ता कोण भरणार? बी-बियाणाचे पैसे मोडून लोक हप्ता भरतात, नाही भरला तर दंड चढतो आणि वसुलीवाले दारात येतात. चौकात, पोरांसमोर एकाची गाडी ओढून नेलेली मी पाहिली आहे. तो माणूस पुढं कितीतरी दिवस बाजाराला आला नाही.

आता माझ्यावर बेतलेलं सांगतो. 2009 साली मी माझी दुसरी गाडी विकली. घेणारा ओळखीचा. हॉटेलात चहा झाला, शंभराच्या स्टँपवर सह्या झाल्या, नोटा मोजल्या, चावी आणि आरसी बुक त्याच्या हातात दिलं. नावावर करून घेतो म्हणाला, मी विश्वास ठेवला. सात महिन्यांनी टपालानं मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली. त्या गाडीनं रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या एका म्हाताऱ्याला उडवलं होतं, तो गेला. गाडी अजून माझ्याच नावावर होती. अपघात झाला त्या दिवशी विम्याचे फक्त तीन आठवडे उरले होते. ते उरले होते म्हणून भरपाई कंपनीनं दिली, नाहीतर माझं घर विकावं लागलं असतं. तीन वर्षं तारखा केल्या. दर तारखेला त्या म्हाताऱ्याची बायको कोर्टाच्या बाकावर बसलेली असायची, मांडीवर भाकरीचं फडकं. माझ्याकडं बघून तिनं कधी एक शब्द वाकडा काढला नाही. मला मात्र तिच्याकडं बघवत नसे.

सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली एका निकालात हे स्पष्टच केलं आहे की अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, मालक तोच. म्हणून गाडी विकताना 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरा, आरटीओत नाव बदललेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, मगच समाधान माना. स्टँपचा कागद तिथं चालत नाही.

विम्याचंही तसंच. सप्टेंबर 2018 पासून नवीन दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा. पाच वर्षं त्याची आठवण काढावी लागत नाही आणि सहाव्या वर्षी नेमकं विसरायला होतं. 2022 साली ठरलेल्या दरानं शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला हा विमा वर्षाला 714 रुपये, वर कर. त्यासोबत मालकासाठी 15 लाखांचं अपघात संरक्षण घेता येतं. गाडी चालवताना मालक दगावला तर ते पैसे घरच्यांना मिळतात, पण त्याच्याकडं चालू लायसन्स हवं. कितीतरी घरांत पॉलिसी कपाटातच राहते आणि विधवेला ठाऊकच नसतं. आज घरी गेल्यावर तो कागद काढून बायकोच्या हातात द्या.

गाडी मागून नेण्याची आपल्याकडं रीतच आहे. "जरा चावी द्या, मोंढ्यावर जाऊन येतो." नाही म्हणणं जड जातं, मलाही जायचं. पण लायसन्स नसलेल्याला चावी दिली आणि काही झालं तर तुम्ही अडकता. अठरा वर्षांच्या आतल्या पोराच्या हाती गियरची गाडी सापडली तर 2019 पासून पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. नववीतल्या पोराला शाळेत गाडी घेऊन धाडणाऱ्या बापांशी मी यावरून भांडलोय आणि पुढंही भांडेन.

भाड्यानं गाडी घेण्याचं आपल्याकडं छत्रपती संभाजीनगरलाच काय ते, वेरूळ-अजिंठा बघायला येणाऱ्यांसाठी. तिथं काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी घ्या, ती भाड्यानं द्यायला परवानगी असलेली असते. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं घेतली तर विम्याचं भांडण तुमच्या गळ्यात. निघण्याआधी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा, म्हणजे जुना ओरखडा तुमच्या नावावर पडणार नाही. आणि वेरूळ मंगळवारी, अजिंठा सोमवारी बंद असतं, तेवढं बघून निघा. दौलताबादच्या पुढं घाट लागला की पावसाळ्यात गाडी थांबवून मागं वळून किल्ला बघाच. एसटीच्या खिडकीतून तो असा दिसत नाही.

तर पुतण्यानं त्या कागदाच्या पाठीमागं माझ्याकडून सगळा हिशेब लिहून घेतला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "कापूस होऊ द्या काका. निम्मे रोख भरतो आन् उरलेल्याला घटत्या शिलकीचं कोण देतंय ते बघतो." तोपर्यंत दूध डेअरीवर न्यायला माझी गाडी मागितली. लायसन्स आहे का विचारलं, त्यानं काढून दाखवलं. खुंटीवरचं हेल्मेट दिलं, चावी दिली. पिशवीत खुरपं आहे, ते काढून ठेवू नको, एवढं सांगितलं.