सी ड्राइव्ह कुठंय?

[दृश्य: ग्रँट रोड स्टेशन, पूर्वेकडचा जिना, सकाळची गर्दी]

तर हा लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कंप्युटरच्या सामानाचा बाजार. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघा, तो तुमच्याच तोंडाकडे बघत बसेल. डोंबिवलीहून फास्ट पकडायची, दादरला बदलायचं, ग्रँट रोडला उतरायचं आणि मग दोन्ही बाजूंना चार्जरच्या वायरी, रॅमच्या पट्ट्या, वेफर्सच्या पुड्यांसारखे लटकवलेले माऊस. मी इथं आलो होतो आत्यासाठी लॅपटॉप घ्यायला. बजेट बारा हजार. आत्याचं वय सत्तरीच्या पुढं आणि आयुष्यभराची नोकरी मराठी टायपिस्टची, तीही टाइपरायटरवरची.

तिला लॅपटॉप कशाला हवा होता ते आधी सांगतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्या. आजी म्हणायची आणि आत्या लिहून घ्यायची, मग २००४ च्या आसपास एका डीटीपीवाल्याकडं बसून तिनं त्या कंप्युटरवर टाइप केल्या, एकशे चाळीस पानं, आणि त्याची एक सीडी करून घेतली. त्या ओव्यांमध्ये तिला आता दुरुस्त्या करायच्यात. एवढंच. फेसबुक नको, काही नको.

[दृश्य: दुकानाचं काउंटर, एकावर एक रचलेले काळे लॅपटॉप]

हे सगळे काळे डबे कंपन्यांमधून येतात. कंपन्या लॅपटॉप तीन-चार वर्षं वापरतात आणि मग लॉटच्या लॉट काढून टाकतात, म्हणून मशीन जुनं असलं तरी मुळात दणकट असतं, घरगुती स्वस्त नव्या लॅपटॉपपेक्षा मला तरी हेच बरं वाटतं. मी जाताना खिशात एक पेनड्राइव्ह घेऊन गेलो होतो, त्यात लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. जुना लॅपटॉप घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो, दुकानात पैसे द्यायच्या आधी पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून बघा, आतल्या डिस्कला हात लागत नाही आणि दहा मिनिटांत सगळं कळतं, वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा, सगळी बटणं, स्क्रीनवर कुठं डाग आहे का.

पहिला लॅपटॉप चालू केला, लेनोवोचा थिंकपॅड, लोगो आल्यावर एंटर दाबलं आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरायला एफ १, तर त्यानं पासवर्ड मागितला. दुकानदाराला पासवर्ड माहीत नव्हता. म्हणाला, "दोन दिवस ठेवा, काढून देतो." पण या थिंकपॅडमधला हा पासवर्ड आतला गोल सेल काढून जात नाही, तो बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये बसलेला असतो, म्हणून नमस्कार केला आणि पुढचा मागितला. दुसरा मिळाला तो थिंकपॅड टी ४५०, २०१५ चं मॉडेल, १४ इंची, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी डिस्क. साडेअकरा हजार. याला दोन बॅटऱ्या असतात, एक आत पुढच्या बाजूला आणि एक मागून काढता येणारी, तर आतलीची मूळ क्षमता २३ वॅट-अवर आणि उरलेली साधारण १५. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ टाकली की हे दोन्ही आकडे समोर येतात. ते दाखवल्यावर दुकानदारानं पाचशे कमी केले आणि वर विचारलं, ये पेनड्राइव्ह मे क्या डाला है भाई.

आता विंडोज का नाही, हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच म्हणून आत्ताच सांगून टाकतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला मोजके अपवाद सोडले तर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. हा आहे पाचव्या पिढीचा. मशीन टकाटक चालतंय, कीबोर्ड असा की नव्या लॅपटॉपनं लाजावं, पण कागदोपत्री म्हातारं. जुगाड करून ११ घालता येतं, पण आत्याच्या मशीनवर मला जुगाड नको होता.

मिंट आयर्लंडमध्ये २००६ साली सुरू झालं, उबुंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं. त्याच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात आणि सगळी 'आ' कारान्त, २१ ची वनेसा, २२ ची विल्मा. आत्याला हे फार आवडलं. म्हणाली, "म्हणजे कुणीतरी बाईच बसलीय आत." २२ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, म्हणजे काही वर्षं तरी डोक्याला ताप नाही.

[दृश्य: डोंबिवली, आत्याचं घर, डायनिंग टेबल, लॅपटॉपशेजारी चहाचे कप]

इथं मी माती खाल्ली.

झालं असं, की दुकानात नेलेला पेनड्राइव्ह ऐनवेळी रुसला, डिटेक्टच होईना. आत्यानं कपाटातून दुसरा काढून दिला, म्हणाली हा घे, मीही घाईत होतो, माझ्या लॅपटॉपवरून त्यावर मिंटची फाइल चढवली. चढवताना प्रोग्रॅम स्पष्ट विचारतो की यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का, आणि आपण सगळे जे करतो तेच मी केलं, न वाचता ओके. त्या पेनड्राइव्हवर ओव्या होत्या. शेजारच्या मुलानं दोन वर्षांपूर्वी सीडीवरून कॉपी करून दिलेल्या. आत्या काही बोलली नाही, फक्त चहाचा कप उचलून आत गेली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

सीडी सापडली. देव्हाऱ्याखालच्या खणात, आरत्यांच्या पुस्तकात. पण टी ४५० ला सीडीचा ड्राइव्हच नाही. मग खालच्या मजल्यावरच्या काकांकडं विंडोज ७ वाला जुना डेस्कटॉप होता, त्याचा ट्रे पेन्सिलीनं टोचून बाहेर काढावा लागला, पण सीडी वाचली गेली. वीस वर्षांची सीडी. मी हात जोडले, खरंच जोडले.

इन्स्टॉलचं सांगण्यासारखं फार नाही. लॅपटॉप चालू करताना एंटर, मग एफ १२, यादीतून पेनड्राइव्ह निवडायचा, डेस्कटॉप आला की इन्स्टॉलच्या चिन्हावर डबल क्लिक, तीन-चार प्रश्न, अर्ध्या तासाच्या आत काम झालं.

मग सुरू झाली खरी गंमत, आणि ती माझीच. वीस वर्षं विंडोज वापरलेला मी, फाइल ठेवायला सी ड्राइव्ह शोधत बसलो. लिनक्समध्ये सी नाही, डी नाही, सगळं एका झाडाच्या मुळापासून सुरू होतं आणि तुमचं सामान होम नावाच्या खोलीत. डाउनलोड केलेली सेटअप फाइल डबल क्लिक करायची माझी सवय, इथं ती चालतच नाही, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये जाऊन नाव शोधायचं. मी दर दोन मिनिटांनी "अरे हे असं का" म्हणत होतो आणि आत्या शांतपणे बघत होती. शेवटी म्हणाली, "अरे, तुला अनोळखी वाटतंय कारण तुझी दुसऱ्याशी ओळख आहे. मला काय, दोन्ही सारखीच परकी." तिनं होम म्हणजे घर, घरात वस्तू ठेवायच्या, एवढं एका वाक्यात घेतलं आणि पुढं गेली. दुसऱ्या दिवशी पत्त्यांचा डाव स्वतः शोधून टाकला होता.

[दृश्य: आत्याची बोटं, जवळून]

आता हे नीट बघा. मी तिला मराठीसाठी इनस्क्रिप्ट लावून दिला, सरकारनं १९८६ मध्ये ठरवलेला लेआउट, म्हणजे कीबोर्डवरची अक्षरांची मांडणी, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. तिला 'किती' लिहायचं होतं. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी, मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडं येते आणि टाइपरायटर कागदावर जसं दिसतं तसंच मारतो. तिचं बोट सवयीनं आधी वेलांटीवर गेलं. आणि स्क्रीनवर काय आलं, वेलांटीच्या पोटात ठिपक्याठिपक्यांचं एक रिकामं गोल. शेजारी एकटा क. आत्या चष्मा वर करून बघत राहिली. "हे काय, भोक पडलं?"

ते गोल म्हणजे कंप्युटर म्हणतोय, मला अक्षर दे, मग वेलांटी लावतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवायची कंप्युटरची जी एकच पद्धत आहे तिच्यात, उच्चाराचा क्रम चालतो, आधी क मग वेलांटी, आणि वेलांटी डावीकडं सरकवणं हे मशीन स्वतः करतं. आत्यानं हे ऐकलं आणि तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे बोलतो तसं टाइप करायचं?" हो. "मग इतकी वर्षं आम्ही उलटं करत होतो की काय." चार दिवस ती ठिपक्यांची गोलं पाडत होती. मराठी ४० ची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली बाई, मिनिटाला आठ शब्दांवर आली आणि चिडली, लॅपटॉप मिटून भाजी निवडायला बसली, परत उघडला.

आठवड्यानं मला कळलं की एक पॅकेज टाकलं तर मराठीच्या यादीत टाइपरायटर आणि रेमिंग्टन असेही लेआउट मिळतात, इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचं गमभनसुद्धा. मी धावत सांगायला गेलो. आत्या म्हणाली, "आता राहू दे, हे बसलंय हाताला. आठ दिवस आधी का नाही शोधलंस?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

[दृश्य: स्क्रीनवर उघडलेली जुनी फाइल, अक्षरांची खिचडी]

ओव्यांची फाइल उघडली तर मराठी नाहीच. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, टक्के, सगळी भेळ. हा दोष लिनक्सचा नाही. त्या काळी डीटीपीत जे फॉन्ट चालायचे ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवायचे, तो फॉन्ट मशीनवर नसेल तर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात, विंडोजवरही हेच होतं. गंमत बघा, युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, त्यात देवनागरी होती. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं जाहीर केलं होतं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय. म्हणजे दोन्ही गोष्टी तेव्हापासून होत्या, आपल्या डीटीपीवाल्यापर्यंत २००४ मध्येही पोचल्या नव्हत्या. त्याला तरी काय बोलणार, छापखान्यात तेच चालायचं.

जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर मिळाला. साधी अक्षरं बरोबर आली, जोडाक्षरं मात्र जागोजाग मोडली, रफार तर भलत्याच अक्षराच्या डोक्यावर. म्हणून आत्या आता एकशे चाळीस पानं वहीशी ताडून बघतेय, रोज दुपारी दोन ते चार, दिवसाला तीन पानं. मी सुचवलं की मीही करू लागतो. म्हणाली, तुला ओव्यांचा ठेका कळायचा नाही, तू आपला बॅकअप बघ.

बॅकअप आता तीन ठिकाणी आहे.

[दृश्य: आत्या मोबाइलवर, लॅपटॉप समोर उघडा]

परवा खालच्या काकांचा फोन आला. त्यांचा तो विंडोज ७ वाला डेस्कटॉप फार हळू चालतो, त्यावरही ते पुदिन्याचं टाकून मिळेल का म्हणून. आत्या मला न विचारताच बोलत होती, हो हो, सोपं आहे, अर्धा तास लागतो, या उद्या. आणि मग माझ्याकडं बघत, जरा आवाज चढवून, "पेनड्राइव्ह मात्र रिकामा आणा हं. रिकामाच."