आग कचऱ्याचे काय करते

पानगळीच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पुण्यात खराट्याने झाडून काढलेल्या पाल्याचे ढीग रस्त्याच्या कडेला धुमसताना दिसतात. असा एखादा ढीग जरा निरखून पाहावा. त्यात नुसता पाला नाही. गुटख्याच्या पुड्या आहेत, दुधाची रिकामी पिशवी आहे, थर्माकोलचा तुकडा आहे आणि तळाशी ओल धरलेला कागद आहे. ज्वाळा जवळजवळ नाहीतच, आहे तो पांढरट, दाट धूर. हा धूर म्हणजे अर्धवट जळलेला कचराच होय. पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता न मिळाल्यामुळे त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुसांत खोलवर जाणारे सूक्ष्म कण बाहेर पडतात, आणि ढिगात पीव्हीसीसारखे क्लोरिनयुक्त प्लास्टिक असेल तर डायॉक्सिन या अत्यंत विषारी संयुगांचीही भर पडते. हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत साचून राहते, त्यामुळे धूर वर न जाता वस्तीतच रेंगाळतो, आणि सर्वांत आधी तो झाडणाऱ्या कामगाराच्याच छातीत जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या उल्लंघनासाठी ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. पाल्याला तर आगीची गरजच नसते. पुण्यातच सुरू झालेल्या ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमातून, ज्यांच्याकडे पाला जास्त होतो ते तो आच्छादनासाठी किंवा खतासाठी हवा असलेल्यांना देतात.

तरीही काही कचरा असा असतो की तो जाळण्यावाचून गत्यंतर नसते. शस्त्रक्रियेत काढलेले अवयवांचे भाग, रक्ताने भिजलेली मलमपट्टी, मुदत संपलेली औषधे हा सारा ऐवज रुग्णालयात पिवळ्या पिशवीत जातो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार या पिशवीवर बारकोड असतो आणि प्रक्रियेविना तो कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. भट्टीला दोन कक्ष असतात. पहिल्यात सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानाला कचरा जळतो. त्यातून निघालेले वायू दुसऱ्या कक्षात सुमारे १,०५० अंशांवर किमान दोन सेकंद राहावे लागतात. ही दोन सेकंदे फार मोलाची आहेत, कारण एवढ्या उष्णतेत विषारी संयुगांचे रेणू तुटतात. पण तेच वायू सावकाश थंड झाले, तर साधारण ४०० ते २०० अंशांच्या दरम्यान डायॉक्सिन पुन्हा तयार होऊ शकते. म्हणून ते झटकन थंड करावे लागतात, धुवावे लागतात आणि त्यानंतरच किमान ३० मीटर उंचीच्या धुराड्यातून सोडावे लागतात. सलाईनच्या नळ्या आणि बाटल्या लाल पिशवीत जातात. त्या जाळायच्या नसतात, तर निर्जंतुक करून त्यांचे प्लास्टिक पुनर्चक्रीकरणाला द्यायचे असते. एवढी यंत्रणा नीट चालते की नाही, हे वॉर्डातल्या परिचारिकेने कोणती वस्तू कोणत्या पिशवीत टाकली यावर अवलंबून असते.

घरगुती कचऱ्याचे गणित याहून अवघड आहे, कारण त्याचा मोठा हिस्सा ओला असतो. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. भाजीची देठे आणि उरलेला भात भट्टीत घालणे म्हणजे त्या आगीने आधी पाणी आटवत बसणे. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर रोज ३०० टन कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभारला गेला; तिथल्या कचऱ्यात पुरेसा उष्मांकच नसल्यामुळे तो अल्पावधीत बंद पडला. पुण्याशेजारी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मोशी येथील १४ मेगावॉट क्षमतेच्या प्रकल्पाचे उद्घाटन ऑगस्ट २०२३ मध्ये झाले. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी पुण्याच्या कचरा डेपोची दुर्गंधी आणि नासलेले विहिरींचे पाणी वर्षानुवर्षे सोसले आहे, त्यामुळे असे प्रकल्प शहराला हवेसे वाटतात, हे समजण्याजोगे आहे.

मात्र भट्टीला सर्वांत प्रिय असते ते कोरडे प्लास्टिक आणि पुठ्ठा, आणि नेमक्या याच वस्तूंवर कचरावेचकांची चूल पेटते. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेने आणि पुढे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने दारोदार कचरा गोळा करून वेगळा करण्याचे काम उभे केले. जो पुठ्ठा पुन्हा पुठ्ठा होऊ शकतो, तो विजेसाठी जाळणे हा आमच्या मते तोट्याचा व्यवहार आहे. शिवाय जाळून सारे संपत नाही. वजनाच्या साधारण पाव भागाइतकी राख मागे उरते, आणि धूर गाळताना अडकलेल्या उडत्या राखेत शिसे, कॅडमियम असे जड धातू एकवटतात. ती साध्या डेपोवर टाकता येत नाही. तिच्यासाठी धोकादायक कचऱ्याचे बंदिस्त भरावक्षेत्र लागते.

या सगळ्या छाननीनंतर भट्टीसाठी जे खरोखर उरते त्यात सॅनिटरी पॅड आणि डायपर येतात. त्यांत प्लास्टिक आणि ओलावा दोन्ही असतात, त्यांचा पुनर्वापर सहजी होत नाही, आणि शाळांत किंवा वसतिगृहांत बसवलेल्या लहान यंत्रांत पुरेसे तापमान आणि धूर गाळण्याची सोय नसेल, तर तो धूर खिडकीतून पुन्हा आतच येतो. म्हणून ते वेगळे, कागदात गुंडाळून आणि पुडक्यावर लाल ठिपका काढून द्यावेत, असा आग्रह पुण्यातल्या कचरावेचकांनी धरला. ठिपका दिसला की पुडके उघडून पाहावे लागत नाही, दुसऱ्याच्या रक्ताला हात लागत नाही, आणि ते सुक्या कचऱ्यात न मिसळता थेट मोठ्या भट्टीकडे पाठवता येते.