ओहोटी बघून या

(दृश्य: पहाट. पाणी ओसरलेला खडकाळ किनारा.)

सकाळचे सहा. मुंबईत आत्ता कुठे झुंजुमुंजू होत असेल. इथे ऊन पाठीवर आलंय. घड्याळ तेच, पण अंदमान मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला. सूर्य इथे सुमारे एक तास वीस मिनिटं आधी पोचतो आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतोही. तेव्हा 'नाश्ता उरकून दहाला निघू' हा बेत इथे बाद.

हे शहीद द्वीप. लोकांच्या तोंडी अजून नीलच. समोरची प्रवाळखडकाची कमान म्हणजे इथला हावडा ब्रिज. फाळणीनंतर निर्वासित बंगाली कुटुंबं ज्या बेटावर वसली, तिथे दुसरं नाव कुठून पडणार?

कमानीपर्यंत जायचं तर ओहोटी हवी. भरतीत ही वाट पाण्याखाली जाते. कोकणातला माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. ते गणित त्या किनाऱ्याचं, इथे चालवू नका. मुक्कामाच्या ठिकाणी भरती-ओहोटीचा तक्ता मागा. पंचांग मात्र उपयोगी पडतं, तेही तिकिटं काढण्याआधी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी दूरवर हटतं. अष्टमीच्या भांगेला, म्हणजे पाण्याची चढउतार कमी असते तेव्हा, तेवढा खडक उघडा पडत नाही.

(दृश्य: डबक्यात प्रवाळ, अगदी जवळून.)

मेंदूसारख्या वळ्यांचा हा तपकिरी गोळा दगड नाही. या खाचांमधून इवले जीव दाटीने राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असतं. ते उन्हावर अन्न तयार करतं, त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं, आणि त्या बळावर यजमान चुन्याचं घर बांधतो. असा गोळा वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. रात्री हेच जीव बारीक बाहू बाहेर काढून पाण्यातलं भक्ष्य टिपतात. आणि दिवसा आपण त्यांच्यावर उभे राहून सेल्फी काढतो.

2010 साली समुद्र तापला, शेवाळ निघून गेलं आणि अंदमानातली पुष्कळ प्रवाळं पांढरी पडली.

पायात पट्ट्याचे, पकड असलेले सँडल घाला. साधी चप्पल शेवाळावर सुटते. माझी सुटली, आणि तोल सावरायला हात टेकला तो नेमका प्रवाळावर. ती चीर आठवडाभर चिघळत होती. पाऊल वाळूवर किंवा उघड्या दगडावरच टाका. वाटाड्या समुद्रकाकडी, म्हणजे काकडीसारखा दिसणारा मऊ समुद्रजीव, उचलून तुमच्या हातात देऊ लागला, तर 'राहू दे, दादा' म्हणा; वन्यजीव कायद्याने ती वाघाइतकीच संरक्षित आहे. उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा बरा. काही सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेन्झोन प्रवाळाला बाधतं.

(दृश्य: जेट्टी, बोट, सेल्युलर जेल.)

बोट लागत असेल तर गोळी आधी घ्या, बसल्यावर नाही. रोकड जवळ ठेवा. मगरीचा फलक दिसला की पाण्यात उतरायचं नाही, पाणी कितीही निवळशंख असो. बाराटांग बेटाच्या रस्त्यावर जारवा आदिवासींचे फोटो काढणं गुन्हा आहे. तिथे आम्ही कॅमेरा नेलाच नाही. आणि सेल्युलर जेलला तर मराठी माणूस जातोच, सांगावं लागत नाही.

(दृश्य: वाळूवर चालणारा शंख.)

हा शंख चालतोय. आतला खेकडा याचा मूळ मालक नव्हे. त्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात शिरतो. अंग वाढलं की बिऱ्हाड बदलतो. किनाऱ्यावरचे चांगले चांगले शंख आपण पिशवीत भरले, की याला उरतात ते फुटके. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही नेता येत नाही. विमानतळावर सामानाच्या तपासणीत तो काढून घेतात, आणि तिथून तो समुद्रात परत जात नाही.

(दृश्य: एक बाई रुमालाची गाठ सोडते, शंख एकेक करून वाळूवर ठेवते. निवेदन नाही. फक्त लाटा.)