झाकणाखालची साय

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो, निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘जवसाच्या तेलाचे आरोग्याला होणारे उपयोग’ असा छापला आहे आणि त्या उपयोगांपर्यंत मी येणारच आहे. परंतु त्याआधी एका बाटलीची हकीकत ऐकावी लागेल, कारण या तेलाविषयी मला जे काही कळले त्याची सुरुवात पुस्तकातून झाली नाही, त्या बाटलीच्या झाकणापासून झाली.

काही वर्षांपूर्वी मी मोठ्या उत्साहाने जवसाच्या तेलाची बाटली आणली, तीन आठवडे रोज सकाळी एक चमचा नेमाने घेतले आणि नेम संपल्यावर ती बाटली खिडकीत ठेवून दिली, कारण उन्हात तिचा सोनेरी रंग फार सुरेख दिसत असे. (नेम तीन आठवडेच टिकला, याबद्दल ज्यांना हसायचे असेल त्यांनी आधी आपापल्या घरातल्या बाटल्या तपासाव्यात.) पाच महिन्यांनी आठवण झाली, तेव्हा झाकण फिरेना. पकडीने ते उघडले तर आतून नव्याने रंगवलेल्या दाराचा वास आला आणि बाटलीच्या गळ्याशी तपकिरी, पारदर्शक, चिवट अशी साय धरलेली दिसली. ती साबणाने निघाली नाही, गरम पाण्याने निघाली नाही. शेवटी सुरीने खरवडावी लागली. हे पोटात घालण्याऐवजी खिडकीच्या चौकटीला लावले असते तर चौकट तरी टिकली असती, असा अभिप्राय घरातून मिळाला, आणि शास्त्रीयदृष्ट्या तो अगदी बिनचूक होता.

जवसाचे तेल हे वाळणारे तेल आहे. चित्रकार शतकानुशतके त्यात रंग खलत आले, ते याच गुणामुळे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी रंगाच्या डब्यावर धरलेली अशीच साय पाहिली आणि तिच्यातून पुढे लिनोलियम नावाचे जमिनीचे आच्छादन निर्माण केले. त्या नावातच जवस आणि तेल या अर्थांचे दोन लॅटिन शब्द आहेत. वॉल्टन यांना सायीतून धंदा सुचला, मला व्याख्यान सुचले. या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग तसाच टाकून दिला तर हवेशी होणाऱ्या संयोगातून इतकी उष्णता साठते की तो आपोआप पेट घेऊ शकतो.

असे का होते? या तेलातील निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. त्याच्या अठरा कार्बनच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात आणि त्या बंधांच्या मधल्या कार्बनवरचे हायड्रोजन इतके सैल धरलेले असतात की हवेतील ऑक्सिजनला तेथे सहज शिरकाव मिळतो. मग साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन साय धरते. गंमत अशी की साखळीच्या शेपटाकडून मोजले असता यांपैकी पहिला बंध तिसऱ्या कार्बनवर येतो आणि म्हणूनच या आम्लाला ओमेगा-३ म्हणतात. म्हणजे ज्या रचनेसाठी आपण हे तेल विकत घेतो, तीच रचना त्याला नासवते. म्हणून बाटली लहान व गडद काचेची घ्यावी, शीतकपाटात ठेवावी, उघडल्यावर काही आठवड्यांत संपवावी आणि तेल कधीही तापवू नये. कॅप्सूल घेणाऱ्यांनी अधूनमधून एखादी कापून हुंगावी. रंगकामासाठी मिळणाऱ्या ‘उकळलेल्या’ जवस तेलात धातूंचे क्षार मिसळलेले असू शकतात. ते खाण्याचे नव्हे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटे उरली आहेत. तेव्हा आता उपयोग.

हे अल्फा-लिनोलेनिक आम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही. १९८२ साली राल्फ होल्मन आणि सहकाऱ्यांनी एका सहा वर्षांच्या मुलीची हकीकत प्रसिद्ध केली: आतड्याचा मोठा भाग गमावल्यामुळे तिला शिरेवाटे पोषण दिले जात होते, त्यात करडईचे तेल होते, म्हणजे ओमेगा-३ जवळजवळ नव्हतेच. काही महिन्यांत तिला बधिरपणा, अशक्तपणा आणि अंधूक दृष्टी जाणवू लागली; सोयाबीनचे तेल सुरू करताच ती बरी झाली. मात्र गरज थोडीच असते. अमेरिकी शिफारस पुरुषांना दिवसाला १.६ ग्रॅम आणि स्त्रियांना १.१ ग्रॅम अशी आहे; मोठ्या चमचाभर तेलात सुमारे ७ ग्रॅम असते.

हृदयासाठी माशांच्या तेलातील ज्या ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ आम्लांचा बोलबाला आहे, ती शरीर या आम्लापासून बनवते खरे, पण फारच कमी, आणि डीएचए तर नाममात्र. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४,८३७ रुग्णांवरील अल्फा ओमेगा चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१० साली आले, रोज सुमारे २ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल देऊनही हृदयविकाराच्या गंभीर घटनांत लक्षणीय घट दिसली नाही.

आता माझी जुनी तक्रार. २०१३ साली पायांच्या धमन्यांचा विकार असलेल्या ११० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनंतर वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी कमी आढळला, आणि हा आकडा तेलाच्या जाहिरातींतही मिरवतो. त्या रुग्णांना दिलेले होते रोज ३० ग्रॅम दळलेले जवस! बियांतील तंतू आणि लिग्नन नावाची वनस्पतिजन्य द्रव्ये बहुतेक सारी गाळपानंतर पेंडीत राहतात. बद्धकोष्ठावरचा गुणही तंतूंचा आहे. तेलाच्या कॅप्सूलकडून त्याची अपेक्षा धरू नये.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्यावाचून हे तेल सुरू करू नये. आणि मासे न खाता डीएचए हवे असेल, तर शैवालाच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात. माशांनाही ते मुळात शैवालाकडूनच मिळते.