पैसा कुठं घालायचा आणि कुठं नाही

(निसर्ग संवर्धनाच्या कामांसाठी निधी सुचवणाऱ्या स्वयंसेवकांसमोर कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तुम्हाला इथं झाडं लावायला बोलावलेलं नाही. झाडं लावणारे आपल्याकडं ढिगानं आहेत. पाच जूनला कुठल्याही माळावर जा, खड्डे तयार असतात आणि फोटोवालाही तयार असतो. तुमच्या वाट्याला आलेलं काम बिनफोटोचं आहे. अर्ज पुष्कळ येतील, पैसा मोजका असेल आणि तो कुणाला द्यावा हे तुम्ही सुचवायचं.

सार्वजनिक पैशाबद्दल साध्या माणसानं बोलावं, यात नवं काही नाही. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून नागरिक अंदाजपत्रकावर बोलू लागले. पुणे महापालिकेनं २००६-०७ पासून प्रभागातली कामं नागरिकांकडून मागवायला सुरुवात केली. पण तिथं रस्ता, दिवा, बाकडं मागायला माणूस स्वतः येतो. आपल्याकडं ज्याच्यासाठी पैसा आहे तो अर्ज करत नाही. धनेश पक्षी काही कोटेशन जोडून देणार नाही. त्याच्या वतीनं कुणी बोललंय का, हे तुम्हालाच बघावं लागतं.

कायद्यानं वाट करून दिलेली आहे. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक ठिकाणी व्यवस्थापन समिती आणि स्थानिक जैवविविधता निधी, दोन्हींची तरतूद आहे. २००४ च्या नियमांत अध्यक्ष आणि सहापर्यंत सदस्य, त्यात किमान एक तृतीयांश महिला, असं सांगितलं होतं. लोकांना विचारून गावाची जैवविविधता नोंदवही करणं, म्हणजे गावातली झाडं, प्राणी आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेली माहिती लिहून ठेवणं, हे या समितीचं मुख्य काम. अर्ज हातात घेण्याआधी त्या गावची नोंदवही मागवा. ती कपाटातून काढायला किती वेळ लागतो, त्यावरूनही बरंच कळतं.

आता खरी अडचण. सगळ्यात देखणा अर्ज बहुतेक वेळा सगळ्यात वाईट असतो. समजा, मसाई पठारावर पाच हजार रोपं लावायचा प्रस्ताव आला. रंगीत नकाशा, ठिबकचा आराखडा, शाळेची मुलं, सगळं आहे. उन्हाळ्यात ते पठार पाहिलं तर वाटतंच, की उघडंबोडकं पडलंय, काहीतरी लावावं. पण तो जांभ्याचा सडा आहे, म्हणजे जांभ्या दगडाचा सपाट उघडा कातळ. वर मातीचा पातळ थर. पावसाळ्यात खळग्यांत पाणी साचतं आणि त्यात गेंद फुलतो, सीतेची आसवं फुलतात. या आसवांना मातीतून पुरेसं अन्न मिळत नाही, म्हणून ती पाण्यातले बारीक जीव पकडून खातात. इतकी काटकसरीची वस्ती आहे ती. तिथं खड्डे काढून खालची माती ओतली, तर झाड जेमतेम खुरटं वाढेल आणि फुलांची जागा मात्र जाईल. मोकळा सडा म्हणजे ओसाड जमीन नव्हे. तेव्हा अशा जागेची पाहणी मे महिन्यात करू नका, सप्टेंबरात करा. आणि प्रस्ताव सरळ नाकारा. पाच हजार रोपांना नाही म्हणायला जीभ अडखळते, मला ठाऊक आहे.

तळ्यांचं तसंच. सुशोभीकरण हा शब्द दिसला की मी चष्मा पुसून घेतो. काठाला सिमेंटची भिंत, वर पेव्हर ब्लॉक, कारंजं. काठाची लव्हाळी गेली की पाणकोंबडीनं घरटं कुठं करायचं? जलपर्णी काढायचेही अर्ज येतील. सांडपाणी येत राहिलं तर त्यातल्या नत्र-स्फुरदावर ती पुन्हा पोसते, म्हणजे दरवर्षी तोच खर्च. रंकाळा असो की पंचगंगा, सांडपाणी अडवणं हे यंत्रणेचं काम आहे. आपला छोटा निधी त्यांच्या कामावर ठिगळ म्हणून वापरू देऊ नका.

मग द्यायचा कुणाला? शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगडकडच्या देवराया आठवा. तिकडून दोन अर्ज येऊ शकतात. एक देवळाच्या सभामंडपाचा, टाईप केलेला. दुसरा अर्ध्या पानाचा, हातानं लिहिलेला: गुरं आत शिरतात, कुंपण पाहिजे; पडलेली झाडं कुणी ओढून नेऊ नयेत; राखणीला माणूस पाहिजे. पडलेलं लाकूड कुजून तिथली माती होते आणि जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी अंडी घालते, हे त्या माणसानं लिहिलेलं नसेल. पण त्यानं मागितलंय नेमकं तेच. त्याचा अर्ज कच्चा म्हणून गुण कापू नका. त्याला फोन लावा, गावात जा, गुरवाला विचारा, म्हाताऱ्या बायकांना विचारा. खर्चाचा तक्ता तुम्ही बसवून द्या. त्यासाठीच तर तुम्ही आहात. नुसते गुण मांडायला कारकून चालला असता.

पैसा एकरकमी सोडू नका, तीन पावसाळ्यांवर वाटा. रोप लावायला एक दिवस पुरतो. चरायला येणारी जनावरं आणि उन्हाळ्यातला वणवा तिसऱ्या वर्षीही येतातच. शेवटचा हप्ता राखणीचा ठेवा.

आणि पाव्हणं-रावळं! या जिल्ह्यात कुणाचं कुणाशी नातं निघणार नाही, असं होणे नाही. आपल्या गावचा, आपल्या तालमीचा, मेव्हण्याच्या संस्थेचा अर्ज आला की बैठकीतून उठून बाहेर जायचं, आणि उठलात ते प्रोसीडिंगला लिहून घ्यायचं. चहा बाहेर मिळेल.

ज्यांना नाही म्हणाल त्यांना कारण लेखी द्या, मराठीत, दोन ओळींत. ‘निकषात बसत नाही’ एवढं लिहून हात झटकू नका. सड्यावर रोपं मागणाऱ्या त्या पोरांना लिहा, की इथं झाडं नकोत, पण पावसाळ्यात फुलांवरून गाड्या जातात त्या थांबवायला माणसं पाहिजेत, तेवढ्याचा अर्ज पुढच्या वर्षी करा. ती पोरं कष्टाळू असतात. कदाचित येतील.