आवर्तनभर अंतर

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे वाद्यवृंदाबद्दल, पण ज्यातले वादक एका देशात नाहीत अशा वाद्यवृंदाबद्दल. तबला आणि हार्मोनियम इथे बडोद्यात, व्हायोलिन लंडनला, चेलो टोरांटोला आणि सगळे एकाच वेळी, एकमेकांना ऐकत वाजवताहेत. लॉकडाउनमध्ये चौकटी-चौकटींचे जे व्हिडिओ आपण पाहिले ते वेगळे. त्यात प्रत्येकानं आपापल्या घरी वाजवून पाठवलं आणि मागाहून कुणीतरी जुळवलं. मी बोलतोय ते प्रत्यक्ष एकत्र वाजवण्याबद्दल. त्यासाठी रचनाच वेगळी करावी लागते. तयार सिंफनी किंवा तयार गत उचलून चालत नाही.

का, ते सांगतो. आवाज जातो इंटरनेटवरून, आणि त्याच्या काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. बडोद्याहून टोरांटो सुमारे बारा हजार किलोमीटर. म्हणजे नुसतं पोचायलाच ६० मिलिसेकंद. शिवाय केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत यंत्रांचे थांबे असतात. त्यामुळे १२० मिलिसेकंद सहज होतात. माणसाची लय साधारण २५-३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर सांभाळून घेते. मंचावर दहा मीटर लांब बसलेल्या वादकाचा आवाज हवेतून यायलाही तेवढाच वेळ लागतो. त्यापलीकडे गेलं की लय उतरते. मिनिटाला १२० मात्रांची मध्यलय धरा. इथं तबलजीनं ‘धा’ वाजवला, तो ऐकून तिथं चेलोचा गज पडला, तो सूर परत येईपर्यंत अर्धी मात्रा गेलेली. तबलजीला वाटतं चेलो मागे पडतोय, म्हणून तो जरा थांबतो. तिकडे चेलोवाला त्याच्यासाठी थांबतो. चार-पाच आवर्तनांत, म्हणजे तालाच्या पूर्ण फेऱ्यांत, मध्यलयीची विलंबित, म्हणजे संथ लय होते. वादक कितीही तयारीचे असोत.

तंत्रज्ञांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेली ‘जॅकट्रिप’ ही प्रणाली आहे, ‘जामुलस’ आहे. दोन्ही विनामूल्य मिळतात आणि यंत्रांमुळे होणारा उशीर बराच कमी करतात. वायफायऐवजी तार जोडा, कानाला हेडफोन लावा, हे तर हवंच. आणि नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर तालीम करू नका. त्यात गोंगाट गाळण्याची सोय असते आणि एकसारखा चालणारा आवाज तिला गोंगाटच वाटतो. पहिल्या तालमीला आमचा तंबोरा तिकडे ऐकूच जात नव्हता! जवारी, म्हणजे तारांचा झंकार, उत्तम लागलेली, इथं खोली भरून गेलेली, आणि टोरांटोहून विचारणा: तंबोरा कधी सुरू करताय?

पण प्रकाशाचा वेग कुणी वाढवू शकत नाही. तिथून पुढचं काम रचनाकाराचं.

पहिली गोष्ट वाद्यांची वाटणी. तबला, संतूर, पियानो यांचा आघात टोकदार. जरा मागेपुढे झालं की कानाला टोचतं. म्हणून टोकदार आघाताची वाद्यं मी एकाच गावी ठेवतो. दूरच्या वादकांना गजाचे, फुंकीचे लांब सूर देतो. असा सूर हळूहळू उमलत येतो, त्याची सुरुवात नेमकी कुठे झाली हे कान विचारत नाही.

दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. उशीर कमी करता येत नसेल, तर तो मुद्दाम वाढवा, पूर्ण एका आवर्तनाइतका! ‘निंजॅम’ नावाच्या प्रणालीत हेच करतात: तुमचं वाजवणं दुसऱ्याला तुमच्या पुढच्या आवर्तनात, समेवर सम, म्हणजे पहिल्या मात्रेवर पहिली मात्रा बसवून ऐकू येतं. मध्यलय तीनतालात सोळा मात्रा म्हणजे आठ सेकंद. सुरावटींमागे स्वरमेळ, म्हणजे एकाच वेळी वाजणारे सूरसमूह, सतत बदलत ठेवणाऱ्या पाश्चात्त्य रचनेला हे जड जातं. मागच्या आवर्तनाचा मेळ पुढच्याशी भांडतो. आपल्या रागात षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, हलत नाही. सवाल-जवाब करणाऱ्यांना तर हे अंगवळणी पडलेलं. चेलोच्या कागदावर मी पहिल्या आवर्तनात सवाल लिहितो आणि दुसऱ्यात फक्त एक लांब षड्ज. त्या षड्जावर तो थांबलेला असताना बडोद्यात त्याचा सवाल ऐकला जातो आणि हार्मोनियम जवाब देते. तिसऱ्या आवर्तनात तो जवाब त्याच्या कानावर पडतो.

कागद मात्र दोन प्रकारचे करावे लागतात, लंडन-टोरांटोच्या वादकांसाठी पाच रेघांचं स्टाफ नोटेशन, आपल्यासाठी स्वरलिपी. बडोद्यात या कामाला परंपरा आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्ष यांनी १८८६ साली इथं संगीतशाळा काढली, स्वतःची स्वरलिपी बसवली. सूरसागराकाठची तीच शाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग आहे. अनेकांनी एकत्र वाजवायचं तर लिहिलेलं हवं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

राहता राहिला शेवट. सगळे मिळून समेवर यायचं म्हटलं तर प्रत्येक गावी सम वेगळ्या क्षणी पडते. म्हणून आधी ठरवावं लागतं की श्रोते कुठे बसलेत. ते बडोद्यात असतील, तर आवर्तनभर थांबवून ठेवणं शेवटी बंद करायचं, आवाज जितका लवकर येईल तितका येऊ द्यायचा आणि तिहाईचे, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवायच्या तुकड्याचे, तीन पल्ले वाटून द्यायचे: पहिला टोरांटोचा, तो ऐकून लंडननं दुसरा घ्यायचा, लंडनचा ऐकून तिसरा बडोद्यानं. आवाज एकाच दिशेनं येतो, उलट कुणाची वाट पाहायची नसते, त्यामुळे लय उतरत नाही आणि इथल्या श्रोत्यांना तिहाई सलग ऐकू येते. कार्यक्रम टोरांटोला असला की पल्ल्यांचा क्रम उलटा लिहायचा, आणि शेवटचा ‘धा’ चेलोला द्यायचा.